शेंद्र्याची विहीर

सोमनाथ,

गच्चीवरच्या टाकीत आत्ता एकतीस सेंटिमीटर पाणी आहे. पट्टी बुडवून मी दोनदा मोजलं. जपून वापरलंत तर सोमवारी नळ येईपर्यंत पुरेल.

मी दोन दिवस श्रीवर्धनला जाते आहे, एकटीच. तुझी मोनिका म्हणाली, "ताई, इथं प्यायला पाणी नाय अन् तुम्ही समुद्र बघायला निघालात व्हय?" तिचंही खरं आहे.

आबांनी आपल्याला तिथं नेलं तेव्हा तू त्यांच्या खांद्यावर झोपलेला होतास. त्यांनी समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, थुंकलं आणि म्हणाले, "एवढं पाणी, पण एका वाफ्याच्या कामाचं नाय." मी सहावीत होते. खारं पाणी गोडं कसं करतात ते मी त्यांना वाळूत आकृती काढून समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. घरी आल्यावर आपल्या शेतातल्या शेंद्र्याच्या विहिरीचं पाणी मोजायचं काम त्यांनी मला दिलं. दोराला गाठी मारून मी दर उन्हाळ्यात मोजायचे आणि आबा वहीत लिहायचे.

तू दिलेलं आबांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र आठ महिने माझ्या कपाटात आहे. सगळ्या बहिणी सही करतात, आबांच्या वेळी आत्यांनीही केली, म्हणून मीही करणारच होते. पण तुझ्याकडून जमीन विकत घेणारे गोदामासाठी विहीर बुजवणार आहेत, हे मला परवा कळलं. तुझ्यासमोर मला हे बोलता आलं नसतं. आज सकाळी गच्चीवर मोठ्याने म्हणून पाहिलं, तेच इथे लिहिते. बाकीचं शेत तुझं, पण विहिरीचा तुकडा मी सोडणार नाही.

ताई