बाजूला सरकवलेला पेपर

मुलींचे हॉस्टेल, २९ जून २०२५

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

खुशाल आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. इथं मोबाईलबंदी. रविवारी हॉस्टेलचा फोन मिळतो, तोही पहिल्या पन्नास नंबरांनाच. बाकीच्यांनी पत्रं लिहावीत, अक्षर तरी सुधारेल, असं वॉर्डनबाईंचं म्हणणं. मेडिकलच्या तयारीची दर सोमवारी टेस्ट, बुधवारी नंबर, गुरुवारी नंबराप्रमाणे बाकं बदलायची. जेवणाची रांगसुद्धा नंबरानंच. माझी पाळी येईतो सांबाराचं पाणी झालेलं असतं.

इथलं कन्नड आपल्या बेळगावच्या बाजारातलं नव्हे. मी तोंड उघडलं की मुली हसतात आणि आपसात इकडच्या तुळू भाषेत काहीतरी बोलतात. एक निपाणीची उपासना तेवढी माझी. तिची आई तानीबाई नर्स आहेत. सरांनी कन्नडमधून शिकवलेलं उपासना मला दुपारी मराठीतून परत सांगते. आमचे नंबर मागेपुढे असतात, म्हणून बाकही एकच. ती नसती तर मी कधीच घरी नंदगडला पळून आले असते.

आईला सांग, मी जेवते. तुझा राग झेलायला लांब असले तरी माया इकडे पाठवत राहा.

तुझी रचना

खासबाग, बेळगाव, ६ जुलै

चि. रचनास, अ. उ. आ.

पत्र नंदगडला नेऊन वाचून दाखवलं. आई रडली, मी हसले. सांबाराचं पाणी पिऊन कुणी मरत नाही. नंबर वर आण, फोडी मिळतील. आई म्हणते, पोरगी लई वाळली असंल. मी सांगितलं, वाळू दे, डॉक्टर झाल्यावर फुगेल.

माझी मेडिकलची सीट थोडक्यात गेली आणि आज मी दवाखान्याच्या काउंटरवर पेशंटचे नंबर पुकारते, हे रोज सकाळी आठवत जा. त्या निपाणीच्या मुलीकडून शिकायचं तेवढं शिकून घे, पण गळ्यात गळा घालू नकोस. तिथं प्रत्येक मुलगी म्हणजे तुझ्या पुढचा नाहीतर मागचा नंबर.

अभ्यास कर. आशीर्वाद आहेतच, ते फुकट घालवू नकोस.

तुझी आक्का, सौम्या

हॉस्टेल, ५ ऑगस्ट

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

आक्का, फार वाईट झालं. काल फिजिक्सच्या टेस्टमध्ये उपासना एका गणितावर अडून बसलेली दिसली. माझं झालं होतं. मी पेपर हळूच तिच्या बाजूला सरकवला. आपल्या नंदगडच्या शाळेत ज्याला येतं त्यानं सरकवायचा असतो, न सरकवणारा माजोरी. तूच नव्हतीस का दहावीला अख्खं बाक पास केलंस? गावानं तुझं कौतुकच केलं होतं. माझा हात आपोआप गेला गं.

सरांनी पकडलं ते उपासनाला. तिची मान माझ्याकडे वळलेली होती. इथं कॉपी म्हणजे थेट टी.सी., त्यावर शेरा मारून. मी उपप्राचार्यांकडे गेले, पेपर मी सरकवला, तिनं मागितला नव्हता, असं सांगितलं. ते म्हणाले, नुसतं तुझं बोलणं चालणार नाही, पालकाला समोर उभं कर. शनिवारी १६ तारखेला कमिटी बसते. मी कबूल केलं तर शिक्षा दोघींत वाटली जाईल, मला शेवटच्या सेक्शनमध्ये टाकतील, पण उपासना राहील.

आप्पांना हे झेपणार नाही. तू ये. नक्की ये. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझी रचना

खासबाग, ९ ऑगस्ट

चि. रचनास, अ. उ. आ.

मूर्ख मुली, कुणी विचारलं नसताना सांगायला कशाला गेलीस? दहावीला मी सरकवला तेव्हा माझा नंबर कुणी काढून घेणार नव्हतं. आणि उपासनाची एवढी काळजी नको. त्या लोकांकडं सरकार बघतं, कुठंही सीट मिळेल. आपल्याकडं कोण बघणार?

पण तू एवढी रडतेस तर येते मी. शुक्रवारी रात्रीची बस धरते. मी येईपर्यंत कुणापुढे एक शब्द बोलू नकोस. येते म्हणजे येते.

तुझी आक्का

खासबाग, १८ ऑगस्ट

चि. रचनास, अ. उ. आ.

रागावू नकोस. यल्लापूरच्या पुढे घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. हुबळीलाच बसवाल्यानं खाली उतरवलं. पहाटे स्टँडवर बसून किती तळमळले, ते माझं मला ठाऊक. देवाच्या मनात नव्हतं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

कमिटीनं जे ठरवलं असेल ते तुझ्या हातचं नाही. आता सगळं लक्ष पुढच्या टेस्टकडे दे. आईनं लाडू केलेत, पार्सल पाठवते. एकटीच खा, वाटत बसू नकोस.

तुझ्या भल्यासाठी झुरणारी, आक्का

निपाणी, २५ ऑगस्ट

प्रिय रचना, सप्रेम जय भीम.

सामान बांधताना तू खोलीवर आली नाहीस. गेटवर आक्काची वाट बघत बसलीस, असं वॉर्डनबाई म्हणाल्या. आमची आई मात्र वेळेवर पोचली. शुक्रवारी रात्रीच्याच बसनं, यल्लापूरवरूनच आली. घाटात नुसतं धुकं होतं म्हणे, गाडी कुठं थांबली नाही. कमिटीपुढं तिनं हात जोडले. तिनं आजवर कुणापुढं हात जोडले नव्हते, हे तुला सांगितलं होतं ना?

एक सांगायचं राहिलं. मी तुझ्या पेपरात बघितलं, हे खरंच आहे. तुझं उत्तर चुकलं होतं. पहिल्याच ओळीत चिन्ह उलटं घेतलं होतंस. तुला खुणावायला मान वळवली, तेवढ्यात सर आले.

शेरा बघून इथलं कुठलंच कॉलेज घेईना, म्हणजे वर्ष गेलं. आत्या स्थळाचं बोलायला लागली आहे, आई तिला गप्प करते. माझ्या फिजिक्सच्या वह्या कपाटातच राहिल्या, त्या तू घे. तुला लागतील.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

उपासना

हॉस्टेल, ७ सप्टेंबर

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

तुझ्या मनासारखं झालं. उपासनाच्या वह्यांवर अभ्यास केला आणि माझा नंबर पन्नासाच्या आत आला. आता रांगेत पुढे असते. सांबारात फोडी असतात. शेजारी मंगळूरची एक मुलगी बसते. परवा ती एका गणितावर रडकुंडीला आली होती. मी पेपर हाताखाली झाकून घेतला. तू शाबासकी देशील, म्हणून कळवते.

त्या शनिवारी मी एकटीनं आत जाऊन ओरडून सांगू शकले असते. दार उघडंच होतं. पण तू यायची आहेस, या आशेवर गेटवर बसून राहणं मला सोयीचं वाटलं, हे मी स्वतःपासून लपवत नाही. तेवढ्या बाबतीत आपण सख्ख्या बहिणी शोभतो.

मला आता रविवारी फोन मिळतो. मी केलेला नाही, करणारही नाही. आईला पत्रातून कळवीन. लाडूंचं पार्सल न फोडता परत पाठवलं आहे.

दसऱ्याला मला न्यायला येईन, असं तू आईला सांगितलं आहेस म्हणे. येऊ नकोस. घाट बंद आहे.

रचना