ओला दोर

नेवासे,
घटाची तिसरी माळ, १९७३

मच्छिंद्रभावजींना बनुबाईचा नमस्कार.

तुमी दोर नदीत मुद्दाम टाकला, न्हाई म्हणू नका. प्रवरेचा पूर ओसरला की काठची गाळाची जमीन दोन्ही घरांनी एकाच दोरानं मोजून वाटायची, ही मामंजींच्या वेळची रीत. तुमी श्रीरामपूरहून आलात, आधी आपला वाटा कोरड्या दोरानं मोजलात. मग दोर हातातनं निसटला, पाण्यात पडला, आन माझा वाटा मोजला तो ओल्या दोरानं.

काल पावसाची सर आली. परसात कपडे वाळत घालायचा अंबाडीचा दोर लोंबत होता, तो भिजून आखडला आन ताठ झाला. तवा माझं डोकं चाललं: ओल्या, आखडलेल्या दोरानं माझा वाटा कमी भरला आन उरलेला गाळ तुमच्याकडं गेला. दुष्काळाच्या आदल्या सालीही दोर असाच निसटला होता, भावजी.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सख्खा भाऊ हाय माझा. हातभर गाळासाठी भांडतीस?"

"हातभर न्हाई, हरभऱ्याच्या चार ओळी हायत. आन दोर निसटतो तो माझ्याच वाट्याच्या आधी कसा?"

हे पत्र टपालात टाका म्हणून ह्यांच्या हाती दिलं तर वाटेतच फाडतील, म्हणून आज उशाखाली ठेवीन आन उद्या मीच टपालात टाकीन.

गाळात ओल हाय तोवर पेरायला पायजे. दसऱ्याच्या आत येऊन दोन्ही वाटे कोरड्या दोरानं मोजता का न्हाई, ते कळवा. दसऱ्याच्या सांजेपर्यंत वाट बघीन. मग हद्दीच्या खुंट्या मीच उपटीन आन मला पटंल तिथं रोवीन.

तुमची धाकटी भावजय,
बनुबाई