हिरव्या पट्ट्यांचा सदरा

चारठाणा,
ता. ११ फेब्रुवारी १९८०

पंडित,

वर जयभीम लिवावं का नमस्कार, ह्याच्यात तीन कागद फाडले. शेवटी नुसतं नावच लिवलं. बरा असशील. हिकडं हरभरा बरा हाय, तूर गेली. आण्णांचा गुडघा दुखायलाय. तुझा पत्ता गावात कुणाला ठाऊक न्हाई, म्हणून पुस्तकवाल्यांच्या मुंबईच्या पत्त्यावर धाडायलोय.

अरे बाबा, जिंतूरच्या ष्टँडवर तुझं चित्र घावलं! दुकानात चित्रकथांची पुस्तकं दोरीला टांगलेली. सवयीनं चाळायलो, आन एक मुखपृष्ठ बघून जागीच थांबलो. चित्रकाराचं नाव कुठंच न्हाई. पण पायाची बोटं अशी फाकवून काढणारा एकच माणूस मला माहीत हाय. पडक्या देवळामागं आपण एका पुस्तकात दोघं वाचायचो. मग तू कोळशानं फरशीवर त्यातला घोडेस्वार काढायचास, आन मी म्हणायचो, छापलेल्यापरीस तुझाच भारी. बघता बघता गाडी चुकली. दुकानात होत्या तेवढ्या चारी प्रती घेतल्या.

चित्र आगीचं. पेटलेलं छप्पर, आत बाई, बाहेर दाराच्या कडीवर हात ठेवलेला माणूस. अंगात हिरव्या पट्ट्यांचा सदरा. तोंड बन्सीधरचं, आमच्या सालगड्याचं, मिशीसकट.

लय जिवंत काढलंस. पण तोंड चुकलं, पंडित.

त्या दुपारी मी रानात होतो. काहीच बघितलं न्हाई.

वरचं खोटं हाय. खोडत न्हाई, ऱ्हाऊ दे तसंच. दीड वर्ष हेच सांगत आलोय.

विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं तवा आमच्या आळीतले पन्नासएक जण तुमच्या वस्तीकडं निघाले. माणिकरावकाका पुढं. मला म्हणाले, "तू त्या पंड्याचा दोस्त ना? मग आज कळू दे कुणाचा हायस ते." मी गेलो. कुणी ओढत नेलं न्हाई. रांजण फोडले, शेळ्या तोडल्या. तुझा चुलता आश्रुबा हात जोडत आडवा आला, त्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा मागला तुंबा घातला. कवटी फुटल्याचा आवाज अजून माझ्या कानात हाय. मग तुमच्या छपरावर रॉकेल ओतलं. काका वरडले, "कडी लाव!" मी लावली. आत कोण हाय ते मला ठाऊक होतं.

आण्णा दर पाडव्याला एकाच ठाणातलं कापड घेतेत. एक सदरा सालगड्याला, एक मला. तू मळ्याकडून पळत येताना लांबून हिरवे पट्टे बघितलेस, ते माझे. मी पळालो. बन्सीधर आग दिसल्यावर रानाच्या बांधावरून धावत आला, तापून लाल झालेली कडी उघड्या हातांनी काढायला लागला. तेवढ्यात तू पोचलास. तुला त्याचा हात कडीवर दिसला.

त्याचे तळहात अजून मिटत न्हाईत. आन पोलीस म्हणतेत, कडी त्यानंच लावली, हाच पुरावा.

मला कडी लावताना त्यानं बांधावरून बघितलंय. मी विचारलं, "का गप हायस?" म्हणाला, "मालक, ज्याच्या घरी साल धरलं त्याच्यावर मी कसं बोलू? तुमीच बोला." भडव्या वैजीनाथा, थू तुझ्या जिंदगानीवर, असं मी मलाच म्हणलो.

माझा सदरा आण्णांनी त्याच दिवशी चुलीत घातला. काल म्हणालो, कोर्टात खरं सांगतो, तर बापानं कासऱ्यानं पाठ सोलली. सोलू दे.

सतरा मार्चला परभणीच्या कोर्टात तुझी साक्ष हाय. बन्सीधरकडं बोट दाखवू नको. मी समोर उभा असंन, माझ्याकडं दाखव. मी एकटा बोललो तर आमचे लोक म्हणतील, पोरगं येडं झालंय. तुझा शब्द पायजे. माफी मागत न्हाई, तेवढं तोंड ऱ्हायलं न्हाई मला.

एक मात्र तुझं तुला द्यायचं हाय. तुझी आई, चतुरामाय, दवाखान्यात काही न बोलताच गेली. तिचं शेवटचं बोलणं मी ऐकलंय. दाराच्या फटीतून तिनं मला ओळखलं. म्हणाली, "आलास व्हय बाळा वैजीनाथ? उघड लवकर."

तिला वाटलं, मी उघडायला आलोय.

कडी लावून पळालेला,
वैजीनाथ