माहेरचा मागूर

१२ फेब्रु. २००४, शेणवा
सकाळी दादाने विहिरीतला मागूर, तो मिशांचा मासा, गळाने वर काढला. मी परातीत फळी ठेवून पंखाचा नखाएवढा तुकडा कापला, स्पिरिटच्या बाटलीत टाकला, मासा परत पाण्यात. एवढ्यासाठी आईने ओटा डोक्यावर घेतला. "अगो, दुखंल त्याला! माज्या माहेरचा हाय तो."

आमच्याकडे नवरी माहेरच्या विहिरीतली मागराची जोडी हंडीतून सासरी आणते नि सासरच्या विहिरीत सोडते. पाणी साफ राहतं म्हणतात. आईनेही आणली होती. पुढे तिचं मुरबाडकडचं गाव धरणात गेलं. घर, देऊळ, विहीर, सगळं. मागे राहिला तो हा वंश.

माशाचं डोकं जरा रुंद वाटलं. म्हातारा असेल.

२० फेब्रु.
मुंबईला प्रयोगशाळेत. सगळे नमुने मार्गदर्शक बाईंकडे दिले. शहापूर-मुरबाडचे गावठी मागूर एकमेकांना किती जवळचे, हा माझा प्रबंध. मिशा मोजून भागत नाही, म्हणून मायटोकॉन्ड्रियल डीएनए. वहीत मी त्याला नुसतं 'मा.डी.' लिहिते. तो फक्त आईकडून येतो, बापाचा काही संबंध नाही. आईला हे समजावलं होतं, तर म्हणाली, "मंग त्यात नवल काय? माहेर बाईलाच असतं."

आमच्या विहिरीचा नमुना मुद्दाम सगळ्यात वर ठेवलाय. बुडालेल्या गावाचा मागूर दुसऱ्या कुणाकडे आहे?

३ मार्च
कल्याण. डॉक्टरांनी दादाला नि मला बाहेर बोलावलं. आईच्या पोटातली गाठ आता काढण्यासारखी नाही. घरी न्या म्हणाले. दादा जिन्यात बसून राहिला. वाशिंदच्या कारखान्यात अर्धा टन लोखंड हलवणारा माणूस, त्याला उठवेना. मी रडले नाही. घरी आल्यावर भांडी घासताना रडले.

९ मार्च
आईने आज सांगितलं, स्वच्छ, भाजी सांगावी तसं. "सुमे, इहिरीतला एक मागूर धरणात नेऊन सोड. आमच्या गावावरच्या पाण्यात. मी त्याला आणला, मीच परत धाडते. मंग मी जायाला मोकली."
हो म्हटलं.

१६ मार्च
निकाल आले. बाकी सगळे गावठी. आपल्या विहिरीचा परदेशी. संगणकावरच्या नोंदींशी त्याचा मा.डी. अक्षर न् अक्षर जुळला. बाजारात पिंपातून विकतात तोच हावरा, सरकारने बंदी घातलेला. ओढ्यात शिरला की गावठी मागराला उरू देत नाही.

बाटल्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून उरलेला तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मा.डी.तून आईचीच बाजू कळते, माशाचा बाप गावठी असेल तर? बाईंना हे बोलूनही दाखवलं. त्यांनी चहा पुढे केला.

२१ मार्च
दुसऱ्यांदाही तेच.

दादाला गोठ्यामागे नेऊन सांगितलं. तो काडीने माती उकरायला लागला. मग म्हणाला, "गॅस्ट्रोची साथ होती बघ, तवा मी इहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. भीतीनं दुप्पट टाकली. सकाली सगले मागूर उताणे. आई तुज्याकडं हॉस्टेलला आलेली. ती यायच्या आधी कल्याणच्या बाजारातनं आणून सोडले. मासा तो मासा, मला काय ठाव?"
"आईला सांगितलं नाहीस?"
"तू सांगशील?"

रागावणार होते. राग आलाच नाही. तोही तिच्यासाठीच कल्याणला पळाला होता.

२८ मार्च
मुरबाडच्या बाजूने धरणाच्या वरचे ओढे पालथे घातले. एक तरी खरा गावठी मिळाला तर तोच हंडीत घालायचा, असा बेत. पाणी आटलंय. कातकरी बाई खेकडे धरत होती, तिला विचारलं. "मागूर? आता नाय गावत, ताई. मोठेवाले गावतात, ते नेतीस काय?" मोठेवाले. म्हणजे तिथेही पोचले.

४ एप्रिल
आईने स्वतः हंडी घासून दिली. बसल्या बसल्या हळदीकुंकू लावलं, तोंडाला फडकं बांधलं. "हलू ने गो. उन्हात धरू नको."

एसटीने मुरबाड, पुढे जीपने धरण. पाण्याशी बसले. हंडीत विहिरीतलाच मासा ढुसण्या देत होता. सोडला असता तर कुणाला कळलं असतं? पण इथे, तिच्या गावावर, हा सोडू? उरल्यासुरल्यांना हाच खाईल.

दगडाने मारला. मागूर लवकर मरत नाही. आजवर इतके मासे मारले, चिरले; याला पुन्हा पुन्हा मारावं लागलं. झुडपाखाली पुरला, वर धोंडा ठेवला, आणि तिथेच ओरडून रडले. लांबवर एक गुराखी उभा राहून बघत होता.

रात्री आई जागीच होती.
"सोडलास?"
"सोडला."
"गेला कसा? वळून बगितलं काय त्यानं?"
"बघितलं, आई."
तिने माझा हात गालावर ठेवून घेतला. हाताला वास येत असणार.

११ एप्रिल
आई आता पेजच तेवढी घेते. पण बोलते. काल शेजारच्या काकूला म्हणाली, "सुमीच्या लग्नाला पन इथलीच जोडी द्यायची, माज्या माहेरची." काकू मान हलवत होती. मी आत जाऊन उभी राहिले.

विहिरीत अजून आहेत ते. पावसात विहीर भरली की शेतात सांडते, तिथून ओढा, ओढ्यातून नदी. त्याआधी उपसून सगळे काढायलाच हवेत. पाणी आत्ताच खाली गेलंय, पुढे ढकलण्यात अर्थ नाही. दादा शेजाऱ्याचा पंप मागून आलाय. "कवा लावू?" म्हणून दोनदा विचारून गेला.

आईची खाट विहिरीकडच्या खिडकीशी आहे. वारा लागतो म्हणून तिनेच मागून घेतलेली. आत्ताही जागी आहे, बाहेर बघतेय.