पडद्यामागची अध्यक्षीण

राजोडी,
१२ जानेवारी २०२५

प्रिय केनी,

तुला, टिफनीला आणि पोरांना खूप खूप प्रेम. प्रभूच्या कृपेनं इथे सगळे बरे. केळीला यंदा घड चांगले लागलेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याचं ऐकत नाही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र.

आपल्या शेतकरी सोसायटीच्या हॉलमध्ये आईचं तैलचित्र लागलं. पहिली बाई अध्यक्ष! भिंतीवरचे जुने अध्यक्ष आठवतात ना? सगळ्यांना तीच कोरीव खुर्ची आणि तोच काळा कोट. तो कोट सोसायटीच्या कपाटातला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आजोबा त्यात बुडालेत. बर्नार्डकाकांची बटणं लागेनात, ती चित्रकारानं ब्रशानं लावली. पण त्या कोटाशिवाय अध्यक्ष म्हणून कुणी शोभतच नाही, अशी आपली समजूत.

आईला कोट कसा घालणार? कमिटीनं घरातला चांगला फोटो मागितला. मी तुझ्या लग्नातला दिला. चित्रकारानं मन लावून रंगवलं, गुलाबी गाऊन, गोरे नितळ हात. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई चांगली हाय. कोन ती?"

दुसऱ्या दिवशी ती लाल लुगडं नेसून स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसली. चित्रकारानं हातात धरायला पुस्तक दिलं, ते तिनं परत केलं. केळीच्या चिकानं काळे पडलेले हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, असंच काढ. केनी, नवं चित्र भिंतीवर लावताना मी पाहिलं, काय दिसते म्हणून सांगू! कोटातले सगळे तिच्याकडे काम घेऊन आल्यासारखे वाटतात. अभिमानानं मला रडू आलं.

तो गाऊन तू आणला होतास. सासरच्यांपुढे लुगडं नको, म्हणालास. आईनं मुकाट घातला, त्यावर आजवर अवाक्षर काढलं नाही. तेव्हापासून तू घरी आला नाहीस. तुला आईची नाही, स्वतःची लाज वाटते, हे मला कळतं. तिलाही कळतं.

अनावरण फादरांनी करावं की आमदारांनी, यावर कमिटीत घोळ चालला होता. आईनं तो मिटवला. म्हणाली, "माझा पोरगा करील. तो येयपर्यंत पडदा ऱ्हाऊ दे."

चित्र झाकलेलंच आहे. लोक रोज विचारतात. ती सांगते, केनी निघालाय.

तिनं तुझ्या वतीनं गावाला शब्द दिलाय, तो खाली पडू देऊ नकोस.

वाट बघणारी,
मर्सीताई