हात न लावता दिलेला खो

चामराजपेट, बंगळूर
रविवार, ११ मार्च १९६२

प्रिय जयतीर्थ,

‘प्रिय’ लिहिताना दोन कागद वाया घालवले. माविनहळ्ळीत आपण बरोबर काम करायचो तेव्हा तुम्हांला नावानं हाक मारायचं धाडस कधी झालं नाही. मी ‘अहो संघटक’ म्हणायची आणि तुम्ही ‘सेविकाबाई’. सहा वर्षांपूर्वी तुमची शिमोग्याला बदली झाली आणि तुम्ही मला एका शब्दानंही न सांगता निघून गेलात. तो राग मी जपून ठेवला होता. काल तो गेला. कसा ते सांगते, पण आधी बातमी.

मैदान झालं. तुम्ही आखून ठेवलेल्या नकाशाप्रमाणेच. पटेल कल्लाप्पा अखेरपर्यंत अडून बसले होते, की खळ्यावर पोरं नाचली तर रागी कुठं मळायची? शेवटी मीच तोड काढली : सुगीचे दोन महिने खळं, बाकी वर्षभर मैदान. रागी मळायचा दगडी रूळ फिरवूनच जमीन सारखी केली, आणि बैल कल्लाप्पांचेच. एका कडेला व्हॉलीबॉलचं जाळं आहे, चिंचेला लहानग्यांसाठी दोन झोके आणि मधोमध खो-खोचे खांब. म्हाताऱ्यांसाठी झाडाखाली बाक हवा असं तुम्ही म्हणाला होता, तोही बसवला. आता कल्लाप्पा त्यावरून हलत नाहीत, आणि जन्मात न खेळलेला माणूस मुलींना ‘स्वल्प जोरात पळा’ म्हणून शिकवतो.

होसकोट्याची सकाळची बस अजून तीच आहे. तिच्यात तुम्ही खो-खोच्या नियमांचं पुस्तक मोठ्यानं वाचायचा आणि मी पाठ करायची. पाठांतरात मी पहिल्यापासून हुशार, अक्कल मात्र मागाहून येते. या सहा वर्षांत अप्पांनी चार स्थळं आणली आणि ब्लॉक ऑफिसानं दोनदा बदली देऊ केली. दर वेळी मी मैदान पुरं व्हायचंय असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्या बसमध्ये मला तुमची रोज आठवण यायची आणि दुसरी बस धरावीशी वाटत नव्हती, हे जास्त खरं.

तुमच्या माविनहळ्ळीतल्या शेवटच्या दिवशी आपण गावाला खेळ दाखवला होता. मुली लाजत होत्या, म्हणून मीच पदर खोचून चौकोनात बसले. तुम्ही पळत माझ्या मागं आलात, थांबलात आणि नुसतं ‘खो’ म्हणालात, तेही हळू. मी मागं न वळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “हात न लावता दिलेला खो धरत नाहीत.” गाव खो खो हसलं. मीही हसले. तुमचा चेहरा मला दिसला नाही, कारण बसलेल्यानं मागं बघायचं नसतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुमची खुर्ची रिकामी होती.

काल उद्‌घाटनाचा सामना झाल्यावर अंबूबाई, आपल्याला दुपारी जेवू घालायच्या त्या, माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “अक्का, त्या दिवशी ते मला सांगून खेळायला उतरले होते. ही माझा खो ऐकून उठली तर होकार समजतो आणि आईला घेऊन चामराजपेटला मागणी घालायला जातो, म्हणाले. तू तर गावादेखत नको म्हणालीस. मग मी कशाला तोंड उघडू?”

मी नको म्हणाले नव्हते, जयतीर्थ. मी नियम सांगितला होता. एवढ्या लोकांत तुम्ही मला हात कसा लावणार होता, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

काल रात्रभर रडले आणि आज हे लिहायला बसले. पत्ता ऑफिसातल्या नागोजींनी दिला. घरी कोण कोण आहे ते त्यांना माहीत नाही आणि विचारायला माझी जीभ वळली नाही. तुमचं लग्न झालं असेल, तर मैदानाची बातमी तेवढी बायकोला वाचून दाखवा आणि बाकीचं फाडून टाका. झालं नसेल, तर ऐका. पंचाचा निर्णय चुकला होता, तो मी मागं घेते. तुमचा खो धरला आहे आणि मी उठले आहे. पुढचा नियम तुम्हीच वाचून दाखवला होता : खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागी येऊन बसायचं. जागा रिकामी आहे.

तुमचीच,
कावेरी