डाव्या बरगडीखाली

बुधवार, ७ मे

आणि वर मलाच म्हणते केरीशा, "मम्मा, ओरडू नकोस, माझा अभ्यास चाललाय!" अभ्यास? बाजारासाठी बाजूला काढलेला माझा सगळ्यात चांगला पिवळा याम, हातभर कंद. त्याच्या बोटभर कांड्या करून मिठाच्या पाण्यात बुडवल्यात आणि उरलेल्यावर आयोडीन ओतून पार काळानिळा केलाय. आता कोण घेणार तो? फ्रीज उघडला तर माझ्या मासळीशेजारी बोकडाचं मूत्रपिंड, मधोमध चिरलेलं! "बाईंनी आणायला सांगितलंय." त्या बाईंना म्हणावं, स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवा.

केरीशाची जीवशास्त्राची परीक्षा वीस तारखेला. भिंतभर चित्रं – हृदय, फुप्फुस, डोळा. घर आहे की खाटकाचं दुकान! तिच्या मागच्या वर्षीच्या वहीत कोरी पानं उरलीत, त्यांत मी लिहिते. अक्षर वाकडंतिकडं आहे. चौथीतच शाळा सुटली माझी.

जहमार दिवसभर किरकिरतोय. सात महिन्यांचा झाला, दात येत असतील. त्याची आई, माझी थोरली नॉर्डिया, माँटेगो बेच्या हॉटेलात खोल्या झाडते. नातू माझ्या गळ्यात.

शुक्रवार, ९ मे

दात नाहीत. हिरड्या चाचपून बघितल्या.

रविवार, ११ मे

जहमारचा उजवा हात सुजलाय. पावाच्या गोळ्यासारखा. दुपारी डावं पाऊलही. हात लावला की किंचाळतो.

चर्चला गेले नाही.

ग्लेनरॉयचे हात असेच सुजले होते. एकोणीस वर्षं झाली. माझा मुलगा, दोन वर्षांचा. तेव्हा नणंद आली, इसिल्डा, ओहोळापलीकडची. एक शब्द न विचारता तिने पोराचं पोट उघडं केलं आणि डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली. दाबून दाबून बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं. म्हणाली, "मर्टल, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने." मी नेलं नाही. ही कोण मला सांगणारी! सकाळी पोर गेलं.

ज्या हाताने दाबलं त्याच हाताने करणी केली. भरल्या चर्चमध्ये उभी राहून मी ओरडून सांगितलं तसं. ग्लेनरॉयची नाळ पुरून वर लावलेला नारळ, त्याचं रोप तिनेच दिलं होतं. तो मी कोयत्याने तोडला. नंतर या अंगणात नाळ पुरायला माझा हात धजावला नाही. केरीशाची माझ्या आईच्या परसात पुरली. जहमारची अजून फळीवर आहे, दुधाच्या पावडरीच्या डब्यात. नारळाविना पोर!

ती करणी परत आली का रे देवा?

सोमवार, १२ मे

टाळूवर हिंग चोळला. पाळण्याला लाल फडकं बांधलं. उशाशी बायबल उघडं ठेवलं. सूज तशीच.

रात्रीचं जेवण चाललं होतं, उकडलेली हिरवी केळी आणि खारा मासा, आणि केरीशा घोकत होती. "तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लहान बाळांचे हातपाय सुज–" ती थांबली. माझा घास तोंडातच.

"परत वाच," मी म्हटलं.

परत वाचलं. दोघी पाळण्याकडे बघत बसलो.

"करणी आहे ती," मी म्हटलं.

"मम्मा, करणी नाही. रक्तातच असतं. आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं. त्यांना स्वतःला काही होत नाही. दोन्ही अर्धी एकाच पोरात आली की मग."

"म्हणजे ग्लेनरॉयला मी दिलं?"

केरीशा पेन्सिल घेऊन कागदावर घराण्याचा तक्ता काढायला लागली – पुरुष चौकोन, बाई गोल. ग्लेनरॉयचा चौकोन तिने काळा केला. किती सहज!

"पप्पांचा धाकटा भाऊ कशाने गेला गं?"

"मला काय माहीत. मी आले तेव्हा तो नव्हताच. इसिल्डाने सांभाळला होता त्याला."

"मग आत्याला विचार ना."

"जीभ हासडीन तुझी!"

पण झोप कसली लागते.

बुधवार, १४ मे

दवाखाना. केरीशा जादा तास बुडवून बरोबर आली. मी नको म्हटलं, तरी.

नर्सबाई नाक ओढून म्हणाल्या, "हिंग भरपूर लावलात, आजी. भुतं पळाली असतील. आता रक्त बघू." टाचेतून काढतात. "जन्मल्यावर तपासलं नव्हतं?" कुठून तपासणार! वादळात रस्ता वाहून गेला होता, घरीच झाला हा.

निकाल आठवड्याने. आठवडा? ग्लेनरॉयला एक रात्र पुरली होती! तसं म्हटलं तर नर्सबाई हसायच्या थांबल्या. "ताप आला, ओठ पांढरे पडले, पोट फुगलं, तर सरळ इथे आणा. विचार करत बसू नका."

मी तर बसलेच होते तेव्हा. विचार करत.

शनिवार, १७ मे

बाजारात गेले नाही. दर तासाला ओठ बघते.

रविवार, १८ मे

सूज उतरली. हसला. भीती जात नाही.

त्याला काखेत घेऊन ओहोळापर्यंत गेले. इसिल्डा पलीकडे चादरी वाळत घालत होती. म्हातारी झाली. तिने बाळाकडे बघितलं आणि तिचा हात उचलला गेला, मग खाली पडला. मी पाठ फिरवून घरी आले.

मंगळवार, २० मे

केरीशाची परीक्षा. लापशी न खाताच गेली.

चारला आली. "आला होता तो प्रश्न. तक्त्याचा."

"लिहिलंस?"

"सगळं लिहिलं. मग संडासात जाऊन रडले."

तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "तोंड धू."

गुरुवार, २२ मे

आहे. जहमारला तेच आहे.

पण नर्सबाई म्हणाल्या, कळलंय म्हणून वाचवता येतं. रोज औषध द्यायचं. आणि रोज सकाळी पोट बघायचं. प्लीहा एकदम सुजते, सगळं रक्त तिथे अडकतं, तासांत पोर जातं. त्यांनी माझी बोटं धरली आणि जहमारच्या डाव्या बरगडीखाली दाबली. "इथे. कडक लागलं की धावत यायचं."

तिथेच. इसिल्डाने तिथेच दाबलं होतं. तिला त्या धाकट्या भावाने शिकवलं होतं, मरून.

घरी येऊन चिठ्ठी लिहिली. केरीशा देऊन आली. इथे उतरवून ठेवते:

"इसिल्डा, ग्लेनरॉयला तू काही केलं नाहीस. माझ्या आणि तुझ्या भावाच्या रक्तात होतं. रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगणार आहे, तेव्हाइतकंच मोठ्याने. माझी बोटं जाड आहेत, पोटात काय लागतं ते मला नीट कळत नाही. तुला कळतं. रोज सकाळी येऊन बघशील का? आणि नाळ पुरायची आहे, नारळाचं रोप देशील का? हो की नाही, शनिवारी संध्याकाळपर्यंत सांग."